भिंतीला हात लावायचा नाही

टेबलं आधीच वाटून दिली होती, त्यामुळे रेवतीला पळता आलं नाही. सभागृहाच्या दारातच एका मुलीने तिच्या स्वेटरवर हिरवा गोल चिकटवला आणि म्हणाली, "तुम्ही घरं आणि आरोग्य. ते खिडकीजवळचं टेबल." रेवती खिडकीपर्यंत गेली आणि अडखळली. त्या टेबलाशी जेराल्डिन बसली होती. तिची घरमालकीण.

"अगं रेवती! ये, ये, माझ्याशेजारी बस." जेराल्डिनने खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. "किती छान, तरुण माणसं येतच नाहीत या बैठकांना."

एनिस या आयरिश गावात गेल्या वर्षापासून एक भागीदारी समिती काम करत होती. काउन्सिलची माणसं, आरोग्य खात्याची माणसं, रहिवासी मंडळं, खेळांचे क्लब, सगळ्यांनी एकत्र बसून गावाचा पुढच्या काही वर्षांचा आराखडा करायचा होता. लोक राहतात कुठे, आजारी का पडतात, त्यांना बरं कशाने वाटेल, असा सगळा विचार त्यात होता. आजची बैठक सर्वांसाठी खुली होती. जेराल्डिन एका रहिवासी मंडळातर्फे त्या समितीवर आहे, हे रेवतीला आत्ता कळत होतं. ती स्वतः एकच गोष्ट सांगायला आली होती. आमच्या भिंतीत ओल आहे आणि माझ्या मुलीला श्वास घेता येत नाही.

प्रत्येकासमोर एक रंगीत कार्ड होतं. त्यावर प्रश्न छापला होता: तुमच्या घरात काय बदललं तर तुमची तब्येत सुधारेल?

जेराल्डिनने भराभर काहीतरी लिहिलं आणि मग ती रेवतीच्या कार्डाकडे बघू लागली. चोरून नाही, प्रेमाने, शेजारी बसलेल्या मुलीच्या वहीत बघावं तसं. रेवतीने पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. शेवटी लिहिलं, "नदीकाठी बसायला बाक हवेत."

"पण हे घरातलं नाही ना," समोरचे एक आजोबा म्हणाले.

"असू दे, असू दे, बाक मस्तच," जेराल्डिन म्हणाली. "फर्गस नदीच्या काठाला बसायला जागाच नाही. ग्रँड आयडिया."

जेराल्डिन वाईट बाई असती तर सोपं झालं असतं. ती रेवतीच्या मुलीच्या, सानिकाच्या वाढदिवसाला केक घेऊन येई. बॉयलर बिघडला तेव्हा स्वतः हीटर आणून दिला होता तिने. सानिकाच्या खोलीतल्या भिंतीवर पहिल्यांदा बुरशीचं काळं दिसलं तेव्हा रेवतीने तिला फोन केला होता, आणि ती तितक्याच मायेने म्हणाली होती, "भातामुळे असेल गं. तुमच्याकडे रोज भात शिजतो ना? वाफ कुठे जाणार? झाकण ठेव आणि खिडकी उघड." मग सहज म्हणाली होती, "नाहीतरी माझा भाऊ मागे लागलाय, घर विकून टाक म्हणून."

ते वाक्य तिने सहज म्हटलं होतं. पण त्यानंतर या घरात कोणी मोठ्याने तक्रार केली नाही. दुसरं घर शोधून झालं होतं. रेवती आणि तिचा नवरा संकेत एक घर बघायला गेले तेव्हा रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत होती, आणि एजंटने सगळ्यांची नावं घेऊन कोणालाच फोन केला नाही. संकेतची नोकरी शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, सानिकाची शाळा इथे. जायचं तर कुठे?

चहाच्या वेळी जेराल्डिन दुसऱ्या टेबलाकडे गेली. रेवती कप भरत होती तेव्हा आखूड पांढऱ्या केसांची एक बाई शेजारी येऊन उभी राहिली. गळ्यात काउन्सिलचं ओळखपत्र होतं. नाव नोरीन. भाड्याची घरं राहायला योग्य आहेत की नाहीत हे तपासणं तिचं काम होतं.

"बाकांचं तुम्ही लिहिलंत," नोरीन म्हणाली. "तुम्हाला खरंच बाक हवेत?"

रेवतीने आधी जेराल्डिन कुठे आहे ते पाहिलं. "हवेत," ती म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "माझ्या मुलीला धाप लागते. तिच्या खोलीची भिंत काळी पडलीय."

"भाड्याचं घर?"

"हो."

मालक कोण, हे नोरीनने विचारलं नाही. ती हळूच, एकेक गोष्ट सुटी करून सांगत गेली. आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात ओल असलेली काही घरं निवडायची आहेत. दुरुस्तीसाठी मालकाला मदत मिळेल, पण एका अटीवर. दुरुस्ती झाल्यावर त्याच भाडेकरूंना तिथे राहू द्यायचं. "पण मला आधी डोळ्यांनी बघायला हवं. मी जे बघते तेवढंच लिहू शकते. गुरुवारी सकाळी येऊ?"

"या."

"आणि घर जसं आहे तसंच असू द्या हं."

घरी परतली तेव्हा सानिका पलंगावर आजीच्या कुशीत बसून मराठी वाचत होती. रेवतीच्या सासूबाई, शुभदाबाई, नागपूरला प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नातीला वाचायला शिकवायचंच, असं ठरवून आल्या होत्या.

"माकड झाडावर," सानिका थांबली, श्वास घेतला, "चढलं आणि," परत थांबली.

"थांब, घाई नको," आजी म्हणाल्या. "शब्द येतो ना तुला?"

"येस आजी, आय नो द वर्ड. आय जस्ट रॅन आउट ऑफ ब्रेथ."

दाराशी उभ्या असलेल्या रेवतीकडे शुभदाबाईंनी पाहिलं. सानिका झोपल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. "एवढी पोरं शिकवली मी. शब्द अडला की पोरगं कसं थांबते ते मला माहीत आहे. ही तशी थांबत नाही. मी आली तेव्हा अख्खं वाक्य एका दमात वाचत होती नं बाई. आता मधेच तुटून राहिलं."

रेवतीने त्यांना आणि संकेतला गुरुवारचं सांगितलं. तिघांचं एकमत झालं. भिंतीला हात लावायचा नाही.

"आई, मला तुझंच टेन्शन आहे," संकेत म्हणाला. "तू शेजाऱ्यांच्या पायऱ्यासुद्धा झाडतेस."

"मी कायले हात लावू? मला समजत नाही का?" शुभदाबाई म्हणाल्या. "तू तुझं बघ."

गुरुवारी सकाळी संकेत ऑफिसला निघण्यापूर्वी सानिकाच्या खोलीत गेला. खिडकीच्या चौकटीत पाणी साचून एक शेवाळी पट्टा झाला होता. ही बाई आधी खिडकीशीच येणार, त्याला वाटलं. बाकी राहू दे, एवढंच पुसतो. त्याने पुसलं आणि गेला.

रेवती सानिकाला शाळेत सोडून आली. पलंगाची चादर बदलली, कारण ते काही भिंतीत येत नव्हतं. मग उशीच्या वरच्या बाजूला तळहाताएवढा एक डाग दिसला. त्याला ओशट झाक होती आणि तो ओलीचा वाटतच नव्हता, तेलकट डोक्याचा वाटत होता. रोज भात शिजवणारी, भिंतीला तेलकट डोकी टेकवणारी माणसं, असंच ती बाई म्हणेल. रेवतीने ब्लीचचा फवारा आणला. फक्त तो एक डाग. तो गेला तशी आजूबाजूची भिंत आणखी घाण दिसायला लागली. मग तिने आजूबाजूचं घेतलं.

पाठीमागे बादलीची कडी वाजली. शुभदाबाई पदर खोचून उभ्या होत्या. रेवतीला वाटलं, आता या मला थांबवतील.

"वरचं तू घे," शुभदाबाई म्हणाल्या. "खालचं मी घेते. येईलच आता ती."

दोघींनी मिळून अख्खी भिंत धुतली. मग खिडकी सताड उघडून वारा घेतला, हीटिंग वाढवलं, उदबत्ती लावली. शुभदाबाईंनी पोहे भिजवले.

नोरीन आली, बूट काढू का म्हणाली, काढून आली. सगळ्या घरातून फिरली. सानिकाच्या खोलीत ती बराच वेळ उभी राहिली. भिंत पांढरी होती. कोपऱ्यांत थोडी पिवळट, पण पांढरी.

"फार सुंदर ठेवलंय घर," ती म्हणाली. "कुठली भिंत म्हणाला होतात?"

रेवतीने शुभदाबाईंकडे पाहिलं. शुभदाबाईंनी भिंतीकडे. त्या क्षणी दोघींना एकदमच कळलं.

"हीच," ती म्हणाली. "होतं इथे. खूप होतं. आम्ही आज..."

नोरीनने पिशवीतून दोन टोकदार पिना असलेलं छोटं यंत्र काढलं आणि भिंतीला टेकवलं. आकडा झरझर वर गेला. रेवतीच्या जिवात जीव आला. "बघा! ओल आहे ना?"

नोरीनने भिंतीवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. "ही आत्ता धुतलीय का?"

"हो."

"मग हा आकडा मला धरता येणार नाही. धुतलेली भिंत ओली असणारच." ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "मी विचारलं तर फोटो असतील तुमच्याकडे, पण ते कोणत्या भिंतीचे, कोणत्या दिवसाचे, असं विचारणारे लोक समितीत बसलेत. मला बघावंच लागेल."

"पाहुणी येणार म्हणून..." रेवतीचं वाक्य पुरं झालं नाही.

"माझी आईसुद्धा डॉक्टर घरी यायच्या आधी आजारी माणसाला आंघोळ घालायची," नोरीन म्हणाली. पोहे तिने खाल्ले, आणखी मागून खाल्ले. जाताना म्हणाली, "पहिल्या टप्प्याची घरं पुढच्या महिन्यात ठरतील. त्याआधी मी एकदा येईन. तोवर काही म्हणजे काही करू नका."

सानिकाचं अंथरूण आजीजवळ बाहेरच्या खोलीत आलं. तिच्या खोलीचं दार लावून घेतलं. पण घर लहान होतं आणि दाराखालून वास येतच होता. नोव्हेंबर लागला, अंधार शाळा सुटून तास-दोन तासांत यायला लागला, पाऊस आडवा येऊन खिडक्यांवर आपटत राहिला. बाहेर जावंसं वाटावं असा दिवस उजाडेना, आणि घरात थांबावंसं वाटेना. इनहेलर आता दप्तरात एक आणि उशाशी एक होता.

भिंतीवर काळं परत यायला लागलं. आधी वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपके आले. मग ते एकमेकांना मिळाले. शुभदाबाई रोज दुपारी दार उघडून बघत आणि हात पदरात गुंडाळून घेत. घाण डोळ्यांसमोर वाढताना नुसतं बघत राहायचं, हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

एकदा सानिका त्यांच्या मागोमाग आली. "आजी, कॅन आय ड्रॉ ऑन इट?"

"नाही. लांबूनच बघायचं. स्वयंपाकघर कोणत्या बाजूला आहे सांग."

सानिकाने डावीकडे बोट दाखवलं. "दॅट साइड."

"आणि काळं कुठून सुरू झालं?"

"द अदर साइड. अप देअर. व्हेअर द रेन इज."

"मग?"

सानिकाने विचार केला. "सो इट्स नॉट द राइस."

"तूच शोधलंस नं? मी तर काही सांगितलं नाही," आजी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

नोरीन यायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर दारावरची घंटा वाजली. जेराल्डिन. हातात ॲपल टार्ट, छत्रीतून पाणी गळतंय. "इकडून चालले होते, म्हटलं डोकावून जावं." रेवतीने तिला बाहेरच्या खोलीत बसवलं. सानिकाचं जमिनीवरचं अंथरूण तिने पाहिलं.

"अरे, ही बाहेर का झोपते?"

रेवती काहीतरी सांगणार, तेवढ्यात सानिका म्हणाली, "बिकॉज ऑफ द वॉल. बट इट्स नॉट द राइस, जेराल्डिन. वी चेक्ड."

मग जेराल्डिनने ताट खाली ठेवलं. "दाखव मला."

दार उघडल्यावर ती आत गेली नाही. उंबऱ्यातूनच बघत राहिली. काळं आता पलंगाच्या उशापर्यंत उतरलं होतं.

"मला सांगायचं ना गं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," रेवती म्हणाली.

जेराल्डिनचे कान लाल झाले. "त्या दिवशी चहाला नोरीनशी बोलत होतीस. ती येणार आहे का? खरं सांग."

"उद्या सकाळी."

जेराल्डिन कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसली. अंगातला कोट तसाच होता. "त्या योजनेला समितीत पहिला हात मी वर केला होता. गावात अशी घरं असणं ही लाजेची गोष्ट आहे, असं म्हणाले होते मी. भाषण केलं होतं." ती थोडी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "आता यादीतल्या पहिल्याच घरापुढे माझं नाव वाचतील. त्यापेक्षा मी विकून मोकळी होईन. भाऊ तयारच आहे."

रेवतीने सानिकाच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"ऐक," जेराल्डिन तिचा हात धरून म्हणाली. "आज ती भिंत धू. ख्रिसमसपर्यंत मी कोणाला तरी आणून रंग लावून देते. आणि तुम्ही राहा. दोन वर्षं, तीन वर्षं, हवी तितकी. विकण्याचा विषय बंद. माझा शब्द आहे."

ती गेल्यावर टार्ट कोणी कापला नाही. संकेत आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बूटही न काढता खुर्चीत बसला.

"घे ना मग," तो म्हणाला. "शब्द देतेय ती. आपल्याला इथे कोणी शब्द दिलाय आजवर?"

"आणि भिंत?"

"रंग लावतेय ना."

"वरून, संकेत. पाणी बाहेरून येतंय."

"मग काय करू? रस्त्यावर जाऊ? सानिकाला कुठे झोपवू, गाडीत?" तो ओरडला, आणि लगेच बाहेरच्या खोलीकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "सॉरी. मला सुचत नाहीये गं."

"आई, तुम्ही सांगा," रेवती म्हणाली.

शुभदाबाई कणीक मळत होत्या. "मी तीन महिन्यांनी विमानात बसून जाणार. राहायचं तुम्हाला आहे. मी सांगितलेलं तुम्ही ऐकलं आणि घर गेलं, तर मला तिथे घास गिळवणार नाही. नाही सांगितलं आणि पोरगी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी धुवायला बसली तर ती भिंत आत्ता पांढरी करून देईन. बोल, काढू का बादली?"

रेवती बाहेरच्या खोलीत गेली. सानिका पोटावर पडून एकटीच पुस्तक वाचत होती. आईने ऐकावं म्हणून नव्हे, आपलं आपण. "कासव हळू," श्वास. "हळू," श्वास. मग तिने ते वाक्य सोडूनच दिलं आणि चित्रं बघू लागली. पूर्वी ती वाक्य सोडत नसे. आता तिला लांब वाक्यं ओळखता येत होती, आणि त्यांच्या वाटेला न जाणंही.

रेवती परत आली. "बादली नको, आई."

संकेतने डोळे मिटून मान हलवली. ती होकाराची होती की हरल्याची, हे रेवतीने विचारलं नाही.

नोरीन सकाळी आली. या वेळी चहा-पोहे काही नव्हतं. खोलीच्या दारातच ती थांबली. "हं," एवढंच म्हणाली. यंत्र टेकवलं, वरच्या कोपऱ्यात, मध्ये, खाली. कपाट ओढायला रेवतीने एक टोक धरलं, शुभदाबाईंनी दुसरं. मागची भिंत जमिनीपर्यंत काळी होती आणि भिंतीवर चिकटवलेला कागद ओल्या पोळीसारखा सुटून आला होता. नोरीनने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं. "पन्हळ फुटलीय. वर्षानुवर्षं पाणी भिंतीत उतरतंय." ती टॅबवर लिहीत गेली. मग पहिल्यांदाच तिने विचारलं, "मालकाचं नाव?"

रेवतीने नाव सांगितलं.

नोरीनचं बोट काचेवर थांबलं. "आपली जेराल्डिन?"

"हो."

"हे पाठवलं की मागे घेता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना? योजनेत जायचं की घर विकायचं, हे तिच्या हातात आहे. मी दोन्हीपैकी कशाचीही खात्री देऊ शकत नाही."

"ठाऊक आहे. लिहा."

नोरीनने लिहिलं. "तिला हे ईमेलने कळू नये," ती कोट घालताना म्हणाली. "मी आत्ता तिच्याकडेच जाते. नंतर ती तुम्हाला फोन करेल बहुतेक."

दुपार झाली. शुभदाबाईंनी ताटं वाढली आणि दोघींनी ती तशीच ठेवली. फोन ओट्यावर होता. तो वाजला तेव्हा शुभदाबाई उठून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर नाव होतं, आणि त्या नावाशेजारी सानिकाच्या वाढदिवसाला काढलेला, केक हातात धरलेला फोटो.

रेवतीने तो जास्त वेळ वाजू दिला नाही.

"हो, जेराल्डिन," ती म्हणाली. "मीच सांगितलं. भिंत धुतली नाही मी."

पलीकडून फक्त कोणीतरी श्वास घेत असल्याचा आवाज येत होता. रेवती फोन कानाला लावून, काय येईल ते ऐकायला उभी राहिली.